आधी विचारा, मग द्या: ख्रिस्ती ईशज्ञानाच्या ग्रंथालयांना मराठी वाचकाचा हातभार

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला नाव होते आमच्या तेरच्या संत गोरोबाकाकांचे आणि अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला विरोध झाला, तरी संमेलन पार पडले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेला होता. २५ जुलै २०२४ला ते गेले. त्यांच्यासारखा धर्मगुरू, ज्याला पवित्र शास्त्रही कळते आणि संतांची मराठीही, आपोआप तयार होत नाही. त्यामागे काही वर्षांचे शिक्षण असते आणि त्या शिक्षणामागे एक ग्रंथालय असते. या ग्रंथालयांना आपण, म्हणजे तेर-ढोकीपासून वसईपर्यंतचे आणि परदेशी गेलेले मराठी वाचक, काय देऊ शकतो हे सांगण्यासाठी हा लेख आहे. वाचक ख्रिस्तीच असला पाहिजे असे अजिबात नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. इंग्रजीतले टीकाग्रंथ, कोश, हिब्रू-ग्रीकची व्याकरणे जगातून कुठूनही येऊ शकतात आणि येतातही. मराठीतले ख्रिस्ती लेखन मात्र बाहेरून कोणी पाठवणार नाही. ते आपल्याच घरांत, चर्चच्या कपाटांत आणि गावच्या वाचनालयांत पडून आहे. म्हणून आपल्या मदतीतला पहिला वाटा मराठीचा असावा.

मदत कुठे करायची?

महाराष्ट्रात ईशज्ञानाचे उच्च शिक्षण मुख्यतः पुण्यात एकवटले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडी येथे स्थापन केलेली पेपल सेमिनरी (सेमिनरी म्हणजे धर्मगुरू घडवणारी संस्था) १९५५ मध्ये पुण्याला आली. रामवाडीच्या त्या परिसरातले ज्ञानदीप विद्यापीठ आज देशभरातल्या कॅथलिक विद्यार्थ्यांना शिकवते. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला हलली. युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीही पुण्यातच आहे. या शेवटच्या दोन्ही प्रॉटेस्टंट संस्था श्रीरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. हे श्रीरामपूर आपल्या नगरकडचे नव्हे, बंगालमधले. विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये तिथे कॉलेज काढले, आणि मराठी नवा करारही १८११ मध्ये तिथेच छापून निघाला होता. मुंबईत गोरेगावला सेंट पायस टेन्थ कॉलेज आहे. गोव्यात राशोलची सेमिनरी सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून उभी आहे.

यांपैकी कुठल्याही संस्थेत कळंब किंवा परंडा तालुक्यातला, मराठी माध्यमातून बारावी झालेला मुलगा दाखल झाला, तर त्याच्यापुढे पहिला डोंगर इंग्रजीचा असतो. वर्गातले बहुतेक वाचन इंग्रजीत, आणि परत येऊन ज्या मंडळीत उपदेश करायचा ती मात्र पूर्ण मराठी. मधला पूल त्याला एकट्याने बांधावा लागतो. मराठवाड्याला हा पूल बांधणाऱ्यांची आठवण नवी नाही. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती उभी केली आणि आयुष्यभर मराठीतून काम केले. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ मध्ये ईशज्ञानाची शाळा काढली आणि पुढे तिथे शिकवणाऱ्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक होते. त्या काळी विद्यार्थ्याच्या हाती मराठी पुस्तक पडे ते पुष्कळदा त्याच्या शिक्षकांनी लिहिलेले असे. आजच्या विद्यार्थ्याला ती पुस्तके पाहायची झाली तर ती सहजासहजी सापडत नाहीत.

गाठोडे पाठवून भागत नाही

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतल्या सेमिनरींची ग्रंथालये भरण्याचा मोठा प्रयत्न गेल्या शतकात एकदा झाला. १९५७ संपून १९५८ उजाडताना घानातल्या आक्रा शहराजवळ आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली आणि तिथे थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड स्थापन झाला. रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून २० लाख डॉलर आणि मिशन मंडळांकडून तेवढेच, असे ४० लाख डॉलर जमले. त्याचे पहिले संचालक चार्ल्स रॅन्सन मद्रासेत काम केलेले होते. भारतातल्या पाळकांच्या शिक्षणाची पाहणी करून त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले होते. फंडाने ग्रंथालयांना अनुदान दिले, पण त्याबरोबर ईशज्ञानाच्या निवडक ग्रंथांची यादी तयार करून छापली. आपल्या कपाटात काय हवे हे त्या यादीवरून त्या-त्या सेमिनरीने ठरवायचे होते.

आधी गरज, मग पुस्तके हा क्रम उलटला की काय होते ते कुठल्याही सेमिनरीच्या ग्रंथपालाला विचारा. खोकी येतात आणि त्यांत एकाच पुस्तकाच्या पाच प्रती, जुन्या मासिकांचे सुटे अंक, संचातला फक्त तिसरा खंड, पाणी लागलेली भक्तिगीतांची पुस्तके निघतात. ती निवडायला वेळ जातो, ठेवायला जागा जाते, आणि देणाऱ्याचे मन दुखावू नये म्हणून नको असलेली पुस्तके वर्षानुवर्षे कपाट अडवून बसतात. परदेशातून सेमिनरींना पुस्तके पोहोचवणाऱ्या चांगल्या संस्थाही आता ग्रंथालयाकडून आधी मागणी घेतात. आपणही तसेच करावे.

तर पहिली कृती पत्राची. ग्रंथपालांना पत्र किंवा ई-मेल लिहा. तुमच्याकडच्या प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक किंवा अनुवादक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती आणि आजची अवस्था एका ओळीत द्या. संच असेल तर कोणते खंड आहेत ते लिहा. ‘यांतले आपल्याला काय उपयोगी पडेल?’ एवढे विचारा आणि नकोशी पुस्तके परत पाठवण्याचा खर्च त्यांच्यावर पडणार नाही हे स्पष्ट करा. उत्तर येईपर्यंत काहीही बांधू नका. पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न जरूर घाला: ‘तुमच्या विद्यार्थ्यांना मराठीत काय मिळत नाही?’ त्याच्या उत्तरावरूनच पुढची मदत ठरते.

घरातली पेटी उघडा

इथे थोडा थांबतो, कारण आपले खरे काम इथे आहे.

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते राशोलला १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ मध्येही निघाले. या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ उरला तो हस्तलिखितांमुळे. गोव्या-मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांनी नकला करून करून तो जपला. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला तो पुन्हा छापला. देवनागरीतले एक हस्तलिखित तर विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातून लंडनच्या ग्रंथालयात सुखरूप पोहोचले. शांताराम बंडेलू यांची १९५६ची देवनागरी आवृत्ती आणि कारिदाद द्राग यांची १९९६ची आवृत्ती आज आपण वाचतो, त्या केवळ त्या नकला कुणीतरी ठेवल्या म्हणून.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती छपाईवर तीच पाळी येऊ शकते. म्हणून घरात, माळ्यावर, आजीच्या पेटीत शोधावे असे थोडक्यात सांगतो. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक, विशेषतः वर्षाचे बांधीव खंड. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींची पुस्तके. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे भाषांतर, जे केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात स्त्रियांनी खिळे जुळवून छापले आणि रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण बाहेर आले. नारायण वामन टिळकांचे अपुरे राहिलेले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले ‘ख्रिस्तायन’. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाच्या जुन्या आवृत्त्या, खास करून ज्यांच्या समासात कुणी चाली लिहून ठेवल्या आहेत. शब्बाथ शाळेचे धडे, प्रश्नोत्तरी, छोट्या पत्रिका. या पत्रिका लोक सगळ्यांत आधी रद्दीत टाकतात आणि संशोधकाला सगळ्यांत जास्त त्याच लागतात.

छापील मालाहून मोलाचे आहे ते हाताने लिहिलेले. गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकांच्या उपदेशाच्या वह्या, बायबलबाईंच्या, म्हणजे घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या स्त्रियांच्या, दैनंदिन नोंदी, ख्रिस्ती कीर्तनांची पदे आणि आख्याने. कीर्तनाची ही परंपरा एकोणिसाव्या शतकात नगरला कृष्णराव सांगळे यांच्यापासून रुजली. पुष्कळशी आख्याने कधी छापलीच गेली नाहीत. काही वह्या मोडीत असतील. वाचता येत नाही म्हणून फेकू नका. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांतून तयार झालेले वाचक आज अनेक जिल्ह्यांत आहेत.

बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या मात्र वेगळ्या. त्या मंडळीच्या मालकीच्या असतात आणि त्यांत जिवंत माणसांची माहिती असते. त्या सापडल्या तर सेमिनरीला पाठवू नका, त्या मंडळीच्या पाळकांकडे किंवा धर्मप्रांताच्या कचेरीत पोहोचवा.

सापडलेले कागद आधी कोरडे आणि मग स्वच्छ करायचे. मऊ ब्रशने धूळ झटकावी, ओल असेल तर सावलीत वाऱ्यावर ठेवावे, उन्हात नको. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर कधीच नको, दोन्ही कागद कायमचा बिघडवतात. पिना आणि स्टेपल गंजतात, त्या हळूच काढून टाका. कसर किंवा वाळवी दिसली तर ते पुस्तक वेगळ्या पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि ग्रंथपालांना तसे सांगा. लागलेले पुस्तक न सांगता पाठवणे म्हणजे त्यांच्या सगळ्या कपाटाला धोका आहे.

देण्याआधी फोटो काढावेत. साधा मोबाइल पुरतो. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, पुस्तक जबरदस्तीने सपाट न उघडता एकेक पान टिपा. मुखपृष्ठ, शीर्षकपान, मागचे पान आणि हाताने लिहिलेली अर्पणे विसरू नका. कुणी कुणाला, कुठे, कधी दिले हेच कधीकधी त्या प्रतीचे मोल असते. फाइलच्या नावात पुस्तकाचे नाव, वर्ष आणि पान क्रमांक असू द्या.

हे फोटो सगळ्यांसाठी खुले करता येतील का, हा प्रश्न नेहमी येतो. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या पुस्तकावर त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो, आणि अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. बाबा पदमनजी १९०६ मध्ये, नारायण वामन टिळक १९१९ मध्ये, पंडिता रमाबाई १९२२ मध्ये आणि लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये वारल्या. त्यांचे लेखन इंटरनेट आर्काइव्हवर किंवा मराठी विकिस्रोतावर ठेवायला हरकत नाही, विकिस्रोतावर तर ते युनिकोडमध्ये टंकूनही देता येते. फादर दिब्रिटोंची पुस्तके तशी ठेवता येणार नाहीत. त्यांच्या प्रती विकत घेऊन ग्रंथालयाला द्याव्यात, ती मदतही उत्तम. अप्रकाशित वह्यांचा हक्क वारसांचा असतो, म्हणून सगळ्या भावंडांची लेखी संमती आधी घ्या.

एवढ्या खटाटोपाला आमच्या गावात आधार आहे. प्राचीन तगर म्हणजे आजचे तेर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. इथल्या पांढरीच्या मातीतून निघणाऱ्या मूर्ती, मणी, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवून ठेवल्या. त्या संग्रहाचे पुढे शासनाचे वस्तुसंग्रहालय झाले, म्हणून आज कुणीही अभ्यासक तेरला येऊन त्या पाहू शकतो. ख्रिस्ती मराठी कागदांना असे लामतुरे गावोगाव हवे आहेत.

वारकरी वाचकाने काय द्यावे?

काहींना हा प्रश्न विचित्र वाटेल. मला तो अतिशय योग्य वाटतो. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेले जस्टिन अ‍ॅबट निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून मराठी संतांचे इंग्रजी अनुवाद करत राहिले. १९२६ पासून पुण्यात छापल्या गेलेल्या त्या मालेत महिपतींच्या ‘भक्तविजया’चा अनुवाद १९३३-३४ मध्ये दोन खंडांत आला. त्यात त्यांचे सहकारी न. र. गोडबोले होते. पहिला खंड निघण्याआधीच, १९३२ मध्ये, अ‍ॅबट वारले. गोरोबाकाकांची कथा इंग्रजी वाचकांपर्यंत नेणाऱ्या महत्त्वाच्या पुस्तकांत हे एक आहे, आणि ते एका मिशनऱ्याच्या टेबलावर झाले.

ज्या विद्यार्थ्याला मराठवाड्यात पाळक किंवा फादर म्हणून राहायचे आहे, त्याच्या ग्रंथालयात ज्ञानेश्वरी, सकल संत गाथा, ‘भक्तविजय’, तुकोबांची गाथा आणि गोरोबांचे अभंग हवेतच. शेजाऱ्याचे शास्त्र शेजाऱ्याच्याच आवृत्तीतून वाचावे. म्हणून तेरच्या एखाद्या वारकरी कुटुंबाने चांगल्या बांधणीची, टिपा असलेली गाथा सेमिनरीला भेट दिली, तर ती त्या ग्रंथालयात रोज उघडली जाईल. जिल्ह्याचे गॅझेटियर, तेरच्या उत्खननांवरचे लेखन, मराठवाड्यातल्या बोलींची पुस्तके हीही तिथे उपयोगाची.

पैसे, पोस्ट आणि कायदा

पैसे द्यायचे झाल्यास एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरवर्षी थोडी द्या आणि ती कशासाठी हे ठरवून द्या. नियतकालिकांची वर्गणी, जुन्या पुस्तकांची बांधणी, ग्रंथालयातल्या मदतनिसाचे मानधन या कामांना देणगीदार क्वचितच मिळतात, कारण तिथे नावाची पाटी लागत नाही. गरजू विद्यार्थ्याची फी भरायची असेल तर ती त्याच्या हातात न देता संस्थेच्या खात्यात भरा आणि पावती घ्या.

प्राप्तिकराच्या सवलतीबद्दल आधी विचारून घ्या. एखाद्या विशिष्ट धर्मसमाजापुरत्या काम करणाऱ्या संस्थेला ८०-जीची मान्यता मिळतेच असे नाही. मान्यता असली तरी २ हजार रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत ती वजावटच मिळत नाही.

परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांनी एक फरक नीट समजून घ्यावा. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातल्या आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देणगी देतो तेव्हा ती परकीय देणगी धरली जात नाही. तोच माणूस अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा नागरिक झाला असेल, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, त्याची देणगी परकीय ठरते. ती फक्त परकीय देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या ठरलेल्या खात्यातच जाऊ शकते. या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेले असे पैसे दुसऱ्या संस्थेला देताही येत नाहीत. परदेशातून संस्थेला भेट म्हणून आलेल्या पुस्तकांच्या पेट्याही देणगीतच मोजल्या जातात, तेव्हा पेटी जहाजावर चढवण्यापूर्वी संस्थेच्या हिशेबनिसाशी बोला.

देशात पुस्तके पाठवायला टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक छापील पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, शिवाय कर, असे त्याचे दर ठरले. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव हवे. हाताने लिहिलेल्या वह्या यात जाणार नाहीत. त्या स्वतः नेऊन द्या किंवा विश्वासू माणसाबरोबर पाठवा आणि पोहोच लेखी घ्या.

अंगमेहनत हवी आहे

पुस्तके पोहोचली तरी यादीत चढेपर्यंत ती कुणाला सापडत नाहीत. ‘ज्ञानोदय’ हे नाव रोमन अक्षरांत तीन-चार प्रकारे लिहिले जाते आणि संगणकावर शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परततो. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या मराठी तरुणांनी उन्हाळ्याच्या सुटीत काही आठवडे जाऊन कोहासारख्या मोफत संगणकप्रणालीत मराठी पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत करून दिल्या, तर ती कुठल्याही रोख देणगीच्या तोडीची मदत होईल. दाखल नोंदवही, वर्गांक, विषयशीर्षके हे काम ज्याला येते त्यानेच करावे. ज्याला येत नाही त्याने कपाटे पुसावीत, पाठीवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात, पाने मोजावीत.

सगळे शिक्षण सेमिनरीतच होते असेही नाही. नोकरी-शेती सांभाळून घरी शिकण्याची पद्धत १९६३ मध्ये ग्वाटेमालात सुरू झाली आणि भारतात १९७१ पासून टॅफ्टी ही संस्था ती चालवते. आपल्या तालुक्यातले उपदेशक, शब्बाथ शाळेच्या शिक्षिका, स्त्री मंडळाच्या कार्यकर्त्या असे शिकत असतील तर त्यांना लागतो एक जवळचा कप्पा: दोन-तीन मराठी बायबल भाषांतरे, शब्दसूची, बायबलचा नकाशासंग्रह आणि एक चांगला टीकाग्रंथ. असा कप्पा चर्चच्या खोलीत किंवा गावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवता येतो. वाचनालयाच्या कार्यकारिणीला अर्ज द्या, पुस्तके रीतसर दाखल करून घ्यायला सांगा. म्हणजे ती त्यांच्या नोंदीत येतील आणि देवघेवीत राहतील.

वेळेचे म्हणाल तर पत्र मार्च-एप्रिलमध्ये लिहावे. नवे शैक्षणिक वर्ष जूनच्या सुमारास सुरू होते, त्याआधी ग्रंथपालाला यादी पाहायला आणि कपाट मोकळे करायला वेळ मिळतो. पत्रात आपला पत्ता, दूरध्वनी आणि पुस्तके कुणाची होती ते लिहा: आजोबा प्रचारक असतील तर कुठल्या गावी, कुठल्या वर्षांत होते तेही. ती नोंद पुस्तकाबरोबर ग्रंथालयात राहील.